लहान रणगाडे आणि त्यांवरचा चिखल

१५ सप्टेंबर १९१६ रोजीं सकाळीं फ्रान्समधील फ्लेर या खेड्याजवळ जगांतील पहिले रणगाडे लढाईंत उतरले, तेव्हां त्यांच्या अंगावर एका चित्रकाराचे रंग होते. सॉलोमन जोसेफ सॉलोमन हे लंडनच्या रॉयल ॲकॅडेमीचे सभासद. मोठमोठ्यांचीं व्यक्तिचित्रें आणि पुराणकथांवरचीं भव्य चित्रें काढण्यांत त्यांचें आयुष्य गेलेलें. युद्धकाळांत शत्रूच्या डोळ्यांस चकविणारी रंगयोजना तयार करण्याचें काम त्यांजकडे आलें आणि त्यांनीं त्या २८ टनांच्या लोखंडी धुडांवर हिरवे, तपकिरी, पिवळसर, इतकेंच नव्हे तर गुलाबी रंगाचेहि पट्टे ओढले. चित्रकाराची दृष्टि खोटी नव्हती. परंतु सोमच्या रणक्षेत्रांतील चिखलानें तो सारा रंगबहार एकाच रंगाखालीं झांकून टाकला. लवकरच सैन्यानें तो थाट सोडला आणि रणगाड्यांस सरसकट तपकिरी रंग देण्यास प्रारंभ केला. चिखलच जर शेवटचा हात देणार, तर चित्रकार कशाला हवा, असा तो रोकडा हिशेब होता.

आज एखादा हौशी मनुष्य त्याच रणगाड्याची वीतभर लांबीची प्रतिकृति टेबलावर जोडावयास बसतो, तेव्हां हीं दोन्ही कामें त्या एकट्यासच करावीं लागतात. आधीं तो सॉलोमन होतो आणि मग चिखल. भाग जुळविणें हें हाताचें काम, रंग देणें हें डोळ्यांचें. तिसऱ्या कामास मराठींत अजून रूढ शब्द नाहीं. 'मळविणें' हा त्यांतल्या त्यांत जवळचा. ऊन, पाऊस, धूळ, गंज, तेल आणि माणसांचे बूट यांनीं खऱ्या गाडीवर जें केलें असतें, तें लहान गाडीवर मुद्दाम करून दाखवावयाचें. बाहेरच्यास हा पोरकटपणा वाटतो. नवी कोरी वस्तु आठ-दहा दिवस खपून तयार करावी आणि मग तिच्यावर राख फासावी, हें घरांतील वडीलधाऱ्यांस पटणें कठीणच. परंतु या छंदांत इतिहासाचा जो अंश आहे, तो मुख्यतः या तिसऱ्या कामांत आहे.

रणगाड्याची प्रतिकृति ही रणगाड्याच्याहि आधीं जन्मास आली. १९१५ सालीं इंग्लंडमधील लिंकन शहरीं, शेतीचीं यंत्रें बनविणाऱ्या फॉस्टर कंपनीच्या कारखान्यांत विल्यम ट्रिटन आणि वॉल्टर विल्सन हे दोघे खंदक ओलांडणाऱ्या गाडीच्या मागें लागले होते. लोखंड कापण्यापूर्वीं त्यांनीं ती गाडी लांकडाची, पूर्ण आकाराची उभी केली आणि अधिकाऱ्यांस दाखविली. या लांकडी सोंगावरून पुढची खरी गाडी ठरली. कामगारांस मात्र या वस्तु मेसोपोटेमियांत पाणी नेण्यासाठीं आहेत असें सांगण्यांत आलें होतें. त्या थापेंतूनच 'टँक', म्हणजे टांकी, हें नांव पडलें. मराठींतील 'रणगाडा' या शब्दानें कसलीहि लपवाछपवी केलेली नाहीं.

लढाईपासून दूर असलेल्या नागरिकांस रणगाडा प्रथम दिसला तो युद्धकर्जाच्या निमित्तानें. १९१७-१८ मध्यें ब्रिटनच्या शहराशहरांतून रणगाडे फिरविण्यांत आले आणि त्यांच्या पुढ्यांत लोकांनीं रांगा लावून रोखे विकत घेतले. त्यांतील 'एग्बर्ट' नांवाच्या गाडीचें वैशिष्ट्य असें कीं, तिच्या अंगावर कांब्रेच्या लढाईचे वण होते. त्याच सुमारास घरोघरच्या दिवाणखान्यांत चिनी मातीचे छोटे रणगाडे येऊन बसले. पांढरेशुभ्र, चकचकीत, बाजूस आपल्या गांवाचें रंगीत बोधचिन्ह. त्यांवर चिखलाचा एक ठिपका नव्हता. ज्या घरांतील मुलगा फ्लँडर्सच्या गाळांत गेला, त्या घरांतील फळीवरहि तो पांढरा रणगाडा असेल. आणि आईनें तो रोज पुसलाहि असेल.

प्लॅस्टिकचे संच ही पुढच्या पिढीची गोष्ट. १९३६ सालीं इंग्लंडांत 'फ्रॉग पेंग्विन' या नांवानें विमानांचे संच निघाले. त्यांचें प्रमाण १/७२, म्हणजे सहा फूट उंचीचा मनुष्य एक इंचाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिस्टायरीन हें स्वस्त आणि सांच्यांतील बारीक रेघहि उठविणारें द्रव्य कारखानदारांच्या हातीं आलें. १९६१ च्या सुमारास एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीनें तळहातावर मावणारे रणगाडे विक्रीस काढले. त्यांचें प्रमाण १/७६. हें खेळण्यांतील आगगाडीच्या प्रमाणावरून आलें.

तथापि रणगाड्यांच्या प्रतिकृतींचें माहेर म्हणून ज्या गांवाचें नांव घेतलें जातें, तें जपानांत आहे. शिझुओका हें चहासाठीं आणि लांकूडकामासाठीं प्रसिद्ध असलेलें शहर. तोकुगावा राजवटींत तेथील देवस्थानांच्या बांधणीसाठीं आलेले कारागीर तेथेंच स्थायिक झाले, आणि सुतारकामाची परंपरा रुजली. १९ जून १९४५ च्या रात्रीं अमेरिकन बी-२९ विमानांनीं आगीचे बाँब टाकून हें शहर जाळलें. दुसऱ्याच वर्षीं योशिओ तामिया यांनीं तेथें लांकूड कापण्याची गिरणी काढली. गिरणींतून पुढें मुलांसाठीं लांकडी संच निघूं लागले आणि १९५३ पासून तामियांनीं लांकडाचा व्यापार सोडून सारें लक्ष या लहान वस्तूंकडेच दिलें. जळालेल्या शहरानें पंधरा-सोळा वर्षांच्या आंत युद्धयंत्रांच्या प्रतिकृती घरोघर पोंचविण्याचा धंदा उभारावा, यांत विसंगति पाहणारे पाहतील. तेथील मुलांकडे मात्र हीं यंत्रें आतां आकाशांतून नव्हे, पुठ्ठ्याच्या पेटींतून येत होतीं.

तामियांचा पहिला प्लॅस्टिकचा संच यामातो या जपानी युद्धनौकेचा. तो १९६० सालीं निघाला. परंतु दुसऱ्या कारखान्यानें तीच नौका कमी किमतींत बाजारांत आणल्यामुळें पहिल्याच डावांत खोट आली. १९६१ च्या अखेरीस योशिओंचे चिरंजीव शुन्साकु यांनीं जर्मनांच्या 'पँथर' रणगाड्याचा संच काढला. पेटीवर शिगेरु कोमात्सुझाकी या प्रसिद्ध चित्रकाराचें चित्र होतें आणि आंत छोटी विजेची मोटार होती, म्हणजे जोडलेला रणगाडा जमिनीवर खरोखर चाले. हा संच हातोहात खपला आणि कारखाना सांवरला.

येथें एक गंमतीची गोष्ट आहे. आज जगभर रणगाड्यांच्या प्रतिकृतींचें जें मान्य प्रमाण आहे, तें १/३५. चाळीस नव्हे, तीस नव्हे, पस्तीसच कां? याचें उत्तर कोणत्याहि गणितांत सांपडत नाहीं. पँथरच्या पोटांत दोन बॅटऱ्या आणि मोटार बसलीं पाहिजेत म्हणून त्याचें धड पुरेसें रुंद करण्यांत आलें; नंतर मोजून पाहतां तें मूळ गाडीच्या सुमारें पस्तिसाव्या हिश्शाचें भरलें. बॅटऱ्यांच्या मापानें ठरलेला हा आंकडा पुढें इटली, चीन, कोरिया, युक्रेन येथील कारखान्यांनींहि स्वीकारला. १९६८ पासून तामियांनीं सैनिकी प्रतिकृतींची जी मालिका सुरू केली, तींत मोटारीचें महत्त्व ओसरत गेलें आणि बारकाव्यांचें वाढलें. तरी जुन्या सांच्यांतून निघालेल्या कित्येक धडांच्या तळाशीं बटणासाठीं ठेवलेलीं भोंकें तशींच राहिलीं. प्रौढ हौशी माणसें तीं भोंकें लांबी भरून बुजवितात. एका पिढीच्या पोरांनीं गाडी जेथून चालू केली, ती जागा दुसऱ्या पिढीच्या गृहस्थांनीं कानशीनें घांसून सपाट करावी, असा हा क्रम आहे.

जोडणीविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. पेटींत चौकटींस चिकटलेले शेंकडों भाग येतात. ते चिमट्यानें तोडावे, सांच्याची कड चाकूनें खरवडावी आणि जोडावे. यांत वापरावयाचें सिमेंट हें डिंकासारखें चिकटत नाहीं. तें प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवितें आणि दोन भाग एकजीव करतें. म्हणून चुकून सांडलेला थेंब पुसूं नये, वाळूं द्यावा. पुसल्यास बोटांचे ठसे कायमचे उमटतात. तोफेची नळी दोन उभ्या फांकांत येत असल्यास मधला सांधा पूर्ण नाहींसा होईपर्यंत घांसावा लागतो, कारण खरी नळी एकसंध पोलादाची असते. आणि पट्टे: येथें अनेकांचे रणगाडे फसतात. पँथर किंवा टायगर यांच्या पोलादी पट्ट्यांचें वजन टनांत. ते चाकांच्या मधोमध लोंबतात, आणि पुढच्या कांहीं चाकांवर टेंकतात. प्लॅस्टिकच्या पट्ट्यास वजन नाहीं. त्यास तें आहे असें भासविण्यासाठीं तो खालीं ओढून चिकटवावा लागतो. ताठ पट्ट्याचा रणगाडा कितीहि सुबक असला तरी पाहणाऱ्याच्या डोळ्यांस हलका वाटतो, जरी त्याचें कारण त्यास सांगतां येत नाहीं.

रंगाच्या बाबतींत वाद सुरू होतात, आणि ते वाद वरकरणी दिसतात तितके क्षुल्लक नाहींत. जर्मन सैन्यानें फेब्रुवारी १९४३ मध्यें आपल्या रणगाड्यांचा मूळ रंग गडद करड्याऐवजीं गडद पिवळा ठरविला. कारखान्यांतून गाडी पिवळी येई. तिच्याबरोबर हिरव्या आणि तांबूस तपकिरी रंगाचा लगदा डब्यांतून मिळे आणि आघाडीवरच्या शिपायांनीं तो स्वतःच पातळ करून पट्टे ओढावे अशी व्यवस्था होती. पाणी मिळालें तर पाणी, नाहीं तर पेट्रोल. एका तुकडीनें दाट लावला, दुसरीनें पातळ. एकानें फवाऱ्यानें उडविला, दुसऱ्यानें खराट्यासारख्या कुंचल्यानें ओढला. पाण्यांत कालविलेला रंग पावसांत धुऊन जाई. अशा स्थितींत 'खरा गडद पिवळा कोणता' या प्रश्नास एक उत्तर असणेंच शक्य नाहीं. आणि तरी त्यावर हौशी मंडळींत दशकानुदशकें कडाक्याचें भांडण चाललेलें आहे. संग्रहालयांतील गाड्यांकडे बोट दाखवून हा वाद मिटत नाहीं, कारण त्यांपैकीं बहुतेक गाड्या युद्धानंतर अनेकवार रंगविल्या गेल्या आहेत.

१९४३ च्या उत्तरार्धापासून सुमारें वर्षभर तर जर्मनांनीं रणगाड्यांवर 'झिमरिट' नांवाचा खरबरीत गिलावा चढविला, तो शत्रूनें लोहचुंबकी सुरुंग चिकटवूं नयेत म्हणून. प्रतिकृतींत तो लांबीचा पातळ थर देऊन दांतेरी पट्टीनें उठवितात. कोणत्या महिन्यांतील गाडीवर तो असावा आणि कोणत्या महिन्यांतील गाडीवर नसावा, हें ज्यास ठाऊक नाहीं तो एका बैठकींतच उघडा पडतो.

रंग वाळला म्हणजे मळविण्यास सुरुवात होते. प्रथम टर्पेंटाइनमध्यें अत्यंत पातळ केलेला गडद तैलरंग सोडावा. तो खिळ्यांच्या भोंवतीं आणि सांध्यांत आपोआप जाऊन बसतो आणि सावलीचें काम करतो. मग जवळजवळ कोरडा कुंचला फिकट रंगांत बुडवून, कागदावर पुसून, कडांवरून हलकेच फिरवावा, उंचवटे उजळतात. या दोन जुन्या युक्त्यांस १९७०-८० च्या दशकांत फ्रान्स्वा व्हर्लिंडन या बेल्जियन कारागिरानें आपल्या पुस्तकांतून जगभर पोंचविलें. त्याच्याच आसपास अमेरिकेंत शेपर्ड पेन यानें रणगाड्यास एकटें न ठेवतां भोंवतीं पडकें घर, थकलेले शिपाई, रस्ता असा देखावा उभा करण्याची रीति रूढ केली. मोनोग्राम कंपनीच्या संचांबरोबर त्याच्या देखाव्यांचीं पत्रकें मिळत, आणि कित्येकांनीं हा छंद त्या पत्रकांवरूनच उचलला. पुढें स्पेनमध्यें मिग हिमेनेझ यांच्यासारख्यांनीं रंगाची सुकी भुकटी, खरवडलेल्या रंगाचे सूक्ष्म टवके, गंजाच्या ओघळांच्या अनेक छटा, असा नवा साज आणला आणि त्यासाठीं बाटल्यांचा मोठा बाजारहि उभा राहिला.

या स्पॅनिश वळणानें कलेची उंची वाढली, हें मान्य केलेंच पाहिजे. तथापि तिच्या अनुकरणानें सत्याची हानिहि झाली. आजचे कित्येक लहान रणगाडे असे दिसतात कीं, जणूं ते तीस वर्षें समुद्रकांठीं पडून होते: जागोजाग टवके, प्रत्येक खिळ्याखालीं गंजाचा ओघळ. वस्तुतः युद्धांतील रणगाड्यास म्हातारपण येण्यास वेळच मिळत नसे. दुसऱ्या महायुद्धांत सोव्हिएत सैन्यानें चाळीस हजारांहून अधिक मध्यम रणगाडे गमावले, आणि त्यांतील बहुसंख्य टी-३४ होते. कारखान्यांतून निघालेली गाडी कांहीं महिन्यांत, कधीं कधीं कांहीं आठवड्यांतच, जळून जाई. तिच्या जाड पोलादावर अस्तराचा थर, त्यावर रंग. तो थर फुटून गंज ओघळण्यास पावसाळे जावे लागतात. पट्ट्यांचें तसें नाहीं. उघडें पोलाद एका रात्रींत तांबूस होतें आणि सकाळीं चार पावलें चाललें कीं पुन्हां लखलखतें. धुराड्याच्या नळीवरचा रंग उष्णतेनें उडून जातो, तेथें गंज खरा. चिलखताच्या सपाट पत्र्यावर तो बहुधा खोटा.

खरें मळविणें म्हणजे कारण शोधणें. शिपाई बुरुजावर कोठून चढतो? तेथें बुटांनीं रंग झिजलेला असला पाहिजे, आणि पायांबरोबर वर आलेली माती असली पाहिजे. इंधन कोठून भरतात? तेथें काळसर डाग, त्यावर चिकटलेली धूळ. चाकाच्या मधोमध तेल झिरपतें. कडेस रबर असल्यास तें दगडांनीं चिरलेलें असतें. खालच्या धडावर चिखलाचे थर एकावर एक: आंतला वाळलेला फिकट, बाहेरचा ओला गडद. आणि ती माती कोणत्या प्रदेशाची? ट्यूनिशियाची धूळ फिकट. रशियांतील बर्फ वितळतांनाचा चिखल काळपट आणि चाकांच्या वर येणारा. नॉर्मंडीच्या कुंपणांमधून गेलेल्या गाडीवर पानें आणि डहाळ्या अडकलेल्या. महाराष्ट्रांतील ज्या वाचकांनीं काळ्या रानांतून बैलगाडी पावसाळ्यांत हांकली जातांना पाहिली आहे, त्यांस चाकाला माती कशी धरते हें कोणत्याहि पुस्तकावरून शिकावें लागणार नाहीं.

खरा रणगाडा जवळून पाहण्याची सोय महाराष्ट्रांतहि आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचें अहमदनगर, येथें चिलखती दलाचें शिक्षणकेंद्र असून त्याच्या आश्रयानें १९९४ सालीं रणगाड्यांचें संग्रहालय उघडण्यांत आलें. १९६५ च्या युद्धांत पाकिस्तानकडून जिंकून आणलेला पॅटन तेथें आहे. सेंचुरियन आहे, भारतांत बनलेला विजयंत आहे. हातांत टेप घेऊन चाकांमधील अंतर मोजणाऱ्यास हीं धुडें फार उपयोगी. मळ पाहणाऱ्यास मात्र ताज्या रंगाच्या खालीं डोकवावें लागतें. तेथेंहि पोलादाच्या ओतकामाचा खडबडीतपणा, सांधकामाच्या जाड रेघा, झांकणांच्या गुळगुळीत झालेल्या कडा, या गोष्टी कोणताहि रंग लपवूं शकत नाहीं.

या बाबतींत सर्वांत बोलका साक्षीदार इंग्लंडमधील बॉव्हिंग्टनच्या संग्रहालयांत उभा आहे. तो टायगर जातीचा, १३१ क्रमांकाचा जर्मन रणगाडा. एप्रिल १९४३ मध्यें ट्यूनिशियांत ब्रिटिशांच्या चर्चिल रणगाड्यांशीं त्याची गांठ पडली. टायगरचें पुढचें चिलखत १०० मिलिमीटर जाडीचें. चर्चिलच्या सहा पौंडी गोळ्यांनीं तें सहसा भेदलें जात नसे. पण एक गोळा तोफेच्या नळीच्या खालच्या बाजूस घांसून खालीं वळला आणि बुरूज व धड यांच्या मधल्या फटींत जाऊन रुतला. बुरूज फिरेनासा झाला. आंतील माणसें गाडी न जाळतां, न मोडतां, सोडून पळालीं. आणि ज्या यंत्राची दोस्तांस भीति होती, तें त्यांच्या हातीं जवळजवळ अभंग आलें. ट्यूनिसमध्यें तें चर्चिल यांनीं आणि सहावे जॉर्ज राजे यांनीं पाहिलें, व त्याच वर्षीं तें इंग्लंडला नेण्यांत आलें.

या टायगरच्या प्रतिकृती अनेक कारखाने काढतात आणि हजारों लोक त्या जोडतात. पुष्कळजण त्यावर शेंकडों टवके काढतात. पण नळीखालची ती एक खूण विसरतात. टवके म्हणजे नुसतें जुनेपण. ती खूण म्हणजे त्या दिवशीं त्या पांच माणसांनीं झांकण उघडून बाहेर उडी कां घेतली, याचें कारण. ती दाखविण्यास बारीक कानशीचा एक ओरखडा आणि राखाडी रंगाचा एक ठिपका पुरतो. जो हें करतो, त्याची गाडी शेजारच्याहून कमी मळलेली असली तरी तिच्याजवळ सांगण्यासारखें कांहीं असतें.

१९९० पासून पुढें अनेक वर्षें खपून हा टायगर पुन्हां चालता करण्यांत आला. २०१४ च्या 'फ्यूरी' या चित्रपटांत दिसतो तो हाच. लढाईच्या खुणा त्याच्या अंगावर राखून ठेवलेल्या आहेत. मैदानांत तो चालविला जातो त्या दिवशीं दुरून दुरून लोक जमतात. गाडी थांबली, गर्दी पांगली, कीं त्यांतील कांहीं जण कॅमेरा घेऊन गुडघ्यांवर बसतात. त्यांस तोफेचें छायाचित्र नको असतें. मैदानांतील ओली माती दुसऱ्या आणि तिसऱ्या चाकाच्या मध्यें नेमकी कोठवर चढली आहे, आणि पट्ट्याच्या आंतल्या कडेस ती वाळूं लागली म्हणजे कोणता रंग घेते, एवढेंच ते टिपून घेत असतात.